खव्याचं दूध

"गुरुजी, खव्याचं परत दूध होतं का?"

विचारून झालं आणि द्वारका खाली बसायचंच विसरली. बाहेर लिंबावर साळुंक्या भांडत होत्या. मग मुलांच्या बसायच्या पट्टीवरून, बब्रुवानच्या नाकातून, फुर्र करून हसू सुटलं आणि त्याच्या मागोमाग सातवीचा सगळा वर्ग खदखदला.

"आन् भाकरीचं परत पीठ होतं का, गुरुजी?" बब्रुवान म्हणाला.

"आन् म्हातारीची परत पोरगी?" मागून कुणीतरी भर घातली.

द्वारकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण गंमत अशी, की तिला रडू आलं नाही. सहावीपर्यंत हीच द्वारका हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायची, की समोर बसलेली असूनही तिची गैरहजेरी लागायची. यंदा काय झालं कुणास ठाऊक. परकर आखूड व्हावेत तसा तिला जुना आवाजही आखूड व्हायला लागला होता. शेजारी नूरुन्निसा तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसत होती. तिनंच तर डिवचलं होतं मधल्या सुट्टीत. "भर वर्गात विचारून दाखव. अब्बाच्या हॉटेलातली भजी आणते, पुडी भरून. हाय का हिंमत?" हिंमत होती. भजीही आवडत होती.

पण या पैजेच्या मागं जी गोष्ट होती ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

ईट गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर तालुक्याला, भूमला जायचं. भूमला द्वारकाची मावशी होती, मावशीचं घर हायस्कुलाच्या पाठीमागंच होतं, आणि 'पाठवा की पोरीला माझ्याकडं' असा तिचा निरोपही येऊन पडला होता. तेव्हा आदल्या संध्याकाळी द्वारकानं हिय्या केला आणि भट्टीपाशी जाऊन बापाला विचारलं.

ज्ञानोबाची खव्याची भट्टी म्हणजे ईटमधली नावाजलेली. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याचं छप्पर, खाली मातीची भट्टी, भट्टीवर रुंद लोखंडी कढई, आणि कढईसमोर उकिडवा बसलेला ज्ञानोबा, दोन्ही हातांत लांब दांड्याचं उलथनं. दूध उकळायला लागलं की ते उलथनं गोल गोल फिरायचं ते खवा होईपर्यंत. मधे पाहुणा आला, पाऊस आला, भांडण लागलं, तरी थांबायचं नाही. थांबलं की बुडाला लागलंच समजा. म्हणून उलथनं चालू असताना ज्ञानोबा कुणाच्या तोंडाकडं बघत नसे.

"आबा, सातवी झाल्यावर मी भूमला जाऊ का शिकायला?"

"जा की."

द्वारकाचे पाय जमिनीवर राहिनात.

"खव्याचं दूध होईल त्या दिशी जा," ज्ञानोबा कढईत बघतच म्हणाला.

दूध घालायला आलेली माणसं हसली. ज्ञानोबाच्या लेखी विषय मिटला. द्वारकाच्या डोक्यात मात्र ते वाक्य भाकरी खाताना, गोठा झाडताना, वेणी घालताना उकळतच राहिलं.

आणि आज सकाळी शिवलिंग गुरुजींनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. एका खणात लिहिलं 'भौतिक बदल', दुसऱ्यात 'रासायनिक बदल'. गुरुजी उमरग्याकडचे, बोलण्याला कानडी हेल. भिंतीवरच्या नकाशात अजून जुनं मुंबई राज्यच होतं, त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं कागदाची पट्टी चिकटवून 'महाराष्ट्र' लिहिलं होतं. "मेण वितळलं, निवालं, परत मेणच. मीठ पाण्यात विरलं, पाणी आटवलं, परत मीठच. हा भौतिक बदल. लाकूड जळलं, राख झाली. राखेचं लाकूड करून आणा बघू कुणीतरी! लोखंड गंजलं, ते गेलंच. हा रासायनिक. उलटा फिरतो तो भौतिक, फिरत न्हाई तो रासायनिक. घ्या लिहून."

सगळ्यांनी लिहून घेतलं. द्वारका टाक हातात धरून फळ्याकडं बघत बसली. पाणी आटवलं की मीठ. पाणी आटवलं की... अगं बाई! आबा तरी कढईत दुसरं काय करतात? दुधातलं पाणीच तर आटवतात!

मधल्या सुट्टीत तिनं हे सगळं नूरुन्निसाच्या कानात ओतलं, आणि म्हणून ती पैज, आणि म्हणून हा प्रश्न, आणि म्हणून हा सगळा खिदळणारा वर्ग.

गुरुजींनी टेबलावर छडी आपटली. "हसायला काय झालं? बब्रुवान, ऊठ. होतं का दूध?"

"न्हाय, गुरुजी."

"कशावरून?"

"कुणी केलंय का आजवर?"

"म्हंजे कुणी करून बघितलं न्हाई. तेच तर विचारतीय ती." गुरुजी द्वारकाकडं वळले. डोकं खाजवलं. "हे बघ, बाळ. पुस्तकात मेण आहे, मीठ आहे. खवा न्हाई. मला ठाऊक न्हाई. तुमच्यात भट्टी आहे ना? मग कर आणि येऊन सांग."

मला ठाऊक न्हाई! गुरुजींना ठाऊक नाही अशी एक गोष्ट जगात आहे, आणि ती आपल्या घराच्या मागच्या अंगणात आहे, याचा द्वारकाला असा काही आनंद झाला की शाळा सुटल्यावर ती घरापर्यंत चाललीच नाही. पळत सुटली.

भट्टीवर संध्याकाळची गर्दी होती. नूरुन्निसाचे वडील, जाफरचाचा, हॉटेलसाठी दुधाची बरणी घेऊन उभे होते.

"आबा, काल बोललात ते खरं ना?"

"काय बोललो?"

"खव्याचं दूध झालं तर भूम."

उलथनं फिरत राहिलं. "गमतीनं बोललो, बये."

"ना, ना, ज्ञानोबा," जाफरचाचा म्हणाले, "म्या इथंच होतो. तू जबान दिलीस. गंमत-बिंमत काय सांगू नको."

आता चार माणसांदेखत जबानीची गोष्ट निघाली म्हटल्यावर ज्ञानोबाच्या मिशा फुरफुरल्या. "दिली तर दिली! ज्ञानोबा जबान फिरवत नसतो. पर दूध म्हंजे दूध. पांढरं पाणी चालायचं न्हाय. म्या चव बघणार."

इथंच सगळी मेख होती. ज्ञानोबाच्या जिभेचा पंचक्रोशीत दरारा होता. बोटाचं टोक दुधात बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, म्हैस कुणाची, तिनं सरकी खाल्लीय का नुसत्या कडब्यावर आहे, आणि मालकानं वाटेत ओढ्याला बरणी दाखवलीय की नाही. त्या जिभेला फसवून दूध पाजणं म्हणजे...

"बाजाराच्या दिशी," द्वारका म्हणाली. "सगळ्यांसमोर."

घरातून आईचा, प्रेमाबाईचा, आवाज आला. "तुमी दोघं मिळून खव्याचा नास करा आता! आन् ही भूमला गेल्यावर दूध मापून कोण घेईल? शेण कोण काढील? तुमची जबान काढील का?"

बाजाराचा दिवस उजाडला. ईटचा बाजार ज्ञानोबाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर भरायचा. त्यामुळं मिरच्या घ्यायला आलेली, बैल बघायला आलेली, काहीच घ्यायचं नसलेली, अशी सगळी माणसं भट्टीकडं वळली. बब्रुवान तर अगदी पुढं, मांडी ठोकून बसलेला. द्वारकानं वेणी वर बांधली, नसलेला पदर खोचला, म्हणजे ओढणी कमरेला गुंडाळली, आणि चुलीवर पाणी कढत ठेवलं.

ज्ञानोबानं कोपऱ्यातल्या परातीवरचं ओलं फडकं उचललं, हाताला आला तो गोळा तोडला आणि तिच्या पातेल्यात टाकला. "घे. खवा."

द्वारकानं वरून गरम पाणी ओतलं आणि रवी घुसळायला घेतली. खवा फुटला. फुटला, पण विरघळेना. घुसळलं तसे त्याचे बारीक दाणे झाले, आणि हात थांबला की ते दाणे साबुदाण्यासारखे तळाला जाऊन बसले. वर राहिलं हिरवट, गढूळ पाणी. तिनं परत घुसळलं. दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. दाणे बारीक झाले, आणखी बारीक झाले, पण दाणेच राहिले.

ज्ञानोबानं बोट बुडवलं, जिभेला लावलं. "ह्ये दूध? ही तर कण्यांची आंबील झाली!"

माणसं पोट धरून हसली. "भाकरीचं पीठ!" बब्रुवान ओरडला. जाफरचाचा तेवढे हसले नाहीत. ज्ञानोबानंच मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मऊ आवाजात म्हणाला, "झालं मनासारखं? आता सातवीचा इम्तिहान नीट दे, आन् घरी ऱ्हा." तो रागावला असता तर बरं झालं असतं. मऊ आवाजाशी भांडता येत नाही.

द्वारका पातेलं उचलून गोठ्यामागं जाऊन बसली. पाठोपाठ नूरुन्निसा आली, भज्यांची पुडी घेऊन. पैजेचा शब्द तिनं पाळला होता, पण आता भजी कुणाला गोड लागणार?

"द्वारके, रडू नको ना. ऐक. यात थोडं खरं दूध मिसळ. अर्धं. आन् सांग, उशिरानं झालं म्हणून. कोण बघतंय?"

द्वारकानं एक क्षण खरंच विचार केला. मग मान हलवली. "आबांच्या जिभेला कळंल. आन् न्हाय कळलं तरी मला काय कळलं मग? गुरुजींना जाऊन काय सांगू?"

"तुला भूमला जायचंय का गुरुजींना सांगायचंय?"

"दोन्ही!"

तिनं चिडून पातेल्यातले चिमूटभर दाणे काढले आणि तोंडात टाकले. दाताखाली करकरले. आणि मग जिभेच्या कडेला काहीतरी बारीकसं झोंबलं. ती चावायची थांबली. परत चिमूटभर घेतले.

"नूरे, हे आंबट हाय."

"कालच्या दुधाचा आसंल खवा."

"ह्या! आबा शिळं दूध कढईला शिवू देत न्हाईत." द्वारका बोलता बोलता उभीच राहिली. खवा आणि आंबट? खव्यात आंबट कुठून येईल? आणि एकदम तिच्या डोळ्यांसमोर परवाची कढई आली. बार्शीच्या हलवायाला कलाकंदासाठी खवा हवा होता, दाण्याचा. दाण्याचा खवा करायचा म्हणजे दूध अर्धं आटलं की आबा शेजारच्या वाटीत बोटं बुडवायचे आणि कढईवर आंबट ताकाचा शिपका मारायचे. एक, दोन, जपून. बघता बघता दुधाला दाणा पडायचा. पेढ्यासाठी असतो तो चिकणा खवा, त्यात ताक नाही, काही नाही. तिनं हे शंभरदा बघितलं होतं. इतक्यांदा, की डोळ्यांना ते दिसायचंच बंद झालं होतं. भट्टीवर दोन्ही खवेच. कढई तीच, परात तीच, ओलं फडकं तेच.

भज्यांची पुडी नूरुन्निसाच्या हातात राहिली. द्वारका कोंबड्या उडवत भट्टीकडं सुटली.

ज्ञानोबा नव्या कढईला बसला होता. दूध आटत आलं होतं, आता अगदी घट्ट व्हायच्या बेताला.

"आबा! सकाळच्या त्या खव्यात ताक मारलं होतं का?"

"हां?"

"परातीतल्या! कलाकंदाचा होता का तो? दाण्याचा?"

आणि कधी न घडलेली गोष्ट घडली. ज्ञानोबाचं उलथनं थांबलं. त्यानं मान वर करून लेकीकडं बघितलं, परातीकडं बघितलं, परत लेकीकडं. "आरं तिच्या... व्हय की. दाण्याचाच हुता तो."

"मग तो माझ्या कामाचाच न्हाय!" द्वारकाचा आवाज बाजारापर्यंत गेला असेल. "ताकानं दूध फाटलं, आबा! फाटलं म्हंजे ते दूध ऱ्हायलंच न्हाय, दुसरंच काहीतरी झालं. त्यात पाणी ओतून काय हुणार? पाणी आटणं येगळं आन् फाटणं येगळं! म्या आटल्याचं परत करते म्हणले होते, फाटल्याचं न्हाय!"

"करपलं! आवो, करपलं!" प्रेमाबाई घरातून ओरडत धावली.

खरंच वास सुटला होता. द्वारकानं बापाच्या हातातलं उलथनं ओढलं, दोन्ही पाय रोवले आणि कढईच्या बुडातून खसाखसा खरवडायला लागली. बुडाला लालसर तांबूस पापुद्रा धरला होता. खवा वाचला, पण भट्टी घातल्यापासून ज्ञानोबाच्या हातून पहिल्यांदा कढई लागली होती. तो तसाच रिकाम्या हातांनी उकिडवा बसून राहिला. अंगणातल्या पोरांना मात्र सणच झाला. खरवड म्हणजे भट्टीवरचा मेवा, आणि ज्ञानोबाच्या भट्टीवर तो कधी मिळायचा नाही. बब्रुवाननं सगळ्यात मोठा पापुद्रा लांबवला.

"ज्ञानोबा," जाफरचाचा म्हणाले, "खवा तूच दिलास ना तिला? चूक तुझी. पोरीला परत एक डाव मिळाला पायजे. इन्साफ हाय हा."

ज्ञानोबा उठला. दुसऱ्या पाटीवरची पळसाची पानं बाजूला केली. गोळा तोडला, अंगठ्यानं दाबला, हुंगला, जिभेला लावला. मग तिच्या पातेल्यात ठेवला, अगदी हळू. "ह्यो चिकणा. निस्तं दूध. दुसरं कायबी न्हाय ह्याच्यात."

माणसं परत गोळा झाली. मिरच्यावाल्या बायका दुकान सोडून आल्या. द्वारकानं गरम पाण्याचा तांब्या उचलला, आणि एक हात तिच्या मनगटावर आला. प्रेमाबाईचा.

"तशी न्हाय. बदाबदा वतू नको. सकाळीबी तशीच वतलीस. आदी थोडं घे आन् मळ, पिठावानी. गाठ मोडली की मग सैल कर."

"माय, तू तर म्हणत होतीस..."

"म्हणत हुते ते म्हणत हुते. रवी इकडं आण."

मायलेकी पातेल्यावर वाकल्या. खव्याचा आधी लगदा झाला, लगद्याचं दाट खिरीसारखं झालं, खिरीचं आणखी सैल. लेक पाणी सोडायची, माय रवी फिरवायची. थांबल्यावर द्वारकानं श्वास धरून तळ बघितला. दाणा नाही. वर तुपाचे एक-दोन मणी तरंगत होते. खाली पातेलंभर, सायीच्या रंगाचं...

"दूध," नूरुन्निसा कुजबुजली. मग किंचाळली. "दूध! अब्बा, दूध!"

"थांबा, थांबा," जाफरचाचा म्हणाले, "दुधाचा इन्साफ चहात होतो." अर्धं पातेलं घेऊन ते आपल्या हॉटेलात गेले, चहा उकळून घेऊन आले, आणि जाताना जितकी माणसं बरोबर गेली त्याच्या दुप्पट परत आली. चाचांनी स्वतः बशी भरली, फुर्र करून ओढली, मान डोलावली, आणि आणखी ओतून घेतली. "चहा हाय. पक्का चहा हाय." बब्रुवानलाही बशी मिळाली. खरवडीनं आधीच तोंड गोड झालेलं. तो पिऊन म्हणाला, "आयला, चहाच हाय की," आणि सगळ्यांनी त्याच्या पाठीत धपाटे घातले.

पण खरी जीभ अजून बाकी होती.

ज्ञानोबानं पातेल्यात बोट बुडवलं. जिभेला लावलं. डोळे मिटले.

"दूध हाय," तो म्हणाला.

जो काही गलका उठला! नूरुन्निसानं द्वारकाला उचलून गिरकी मारली. भजी सगळीकडं पांगली.

"थांबा!" ज्ञानोबानं हात वर केला. "दूध हाय. पर भट्टी बघून आलेलं दूध हाय. ह्याला भाजका वास हाय, रंगबी सायीचा हाय. गाईम्हशीच्या सडातनं असं दूध येत न्हाय. खोटं म्या बोलणार न्हाय."

दोन तट पडले. चहा पिलेले म्हणाले, दूध. न पिलेले म्हणाले, नाही. द्वारकानं स्वतः बोट बुडवून चाखलं. वास होता. अगदी बारीक, कढईच्या कडेचा. कालची द्वारका असती तर इथंच रडून मोकळी झाली असती. आजची हसायला लागली.

"आबा बरोबर बोलतात!" ती ओरडली. "पाणी गेलं होतं, ते परत आलं. तो बदल उलटा फिरला. पर तापून तापून दुधाचं आणखी काहीतरी झालं. रंग बदलला, वास आला. ते काय परत फिरलं न्हाय! एकाच कढईत दोन्ही! भौतिकबी आन् रासायनिकबी!"

"आणि ताकाचा शिपका मारला की तिसरीच गंमत," मागून कुणीतरी म्हणालं. वांग्यांची पिशवी काखेत धरून शिवलिंग गुरुजी उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक, त्यांच्याही हातात बशी होती. "मी फळ्यावर एक रेघ मारली. हिकडचं हिकडं, तिकडचं तिकडं. तुझी कढई रेघेवरच बसली की गं! उलटा फिरतो का न्हाई ही नुसती पहिली खूण. खरं बघायचं ते नवा पदार्थ तयार झाला का. उद्या वर्गात हे मी न्हाई, तू सांगायचंस. फळ्यापाशी उभं राहून."

"गुरुजी, मग भाकरीचं पीठ..." बब्रुवाननं सुरुवात केली.

"तू घरी करून बघ आणि येऊन सांग."

त्या हसण्यात मात्र द्वारकाही होती.

दिवेलागणीला बाजार उठला. नूरुन्निसा जाताना गळ्यात पडून म्हणाली, "तू भूमला गेलीस तर म्याबी अब्बाच्या मागं लागते. बघच तू." आणि ज्ञानोबा हातपाय धुऊन ओट्यावर बसला. धंद्यातला माणूस, मापात कधी खोट नाही. दिवसभर त्यानं मनात मापं टाकली असणार, कारण बोलला तेव्हा सगळा हिशेब तयार होता.

"हे बघ, द्वारके. दूध झालं, पर पुरतं झालं न्हाय. अर्धी पैज तुझी, अर्धी माझी. म्हणून अर्धी शाळा. दिवाळीपातूर भूमला ऱ्हा. सहामाही झाली की परत ये. कसं?"

"लई झालं," प्रेमाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "दिवाळीपातूर म्या शेण काढीन. पुढं माझी पाठ न्हाय चालायची."

दोघांनी तिच्याकडं बघितलं. दोघांनाही वाटत होतं की आपण पोरीला फार मोठं काही दिलं. आणि दिलंही होतं. चार दिवसांपूर्वी ही एवढी शाळा मिळती तर द्वारका नाचली असती. आत्ताही तिला नाचावंसं वाटत होतं, पण कशासाठी, ते वेगळं होतं. तिला आठवत होता तो आंबट दाणा, जिभेच्या कडेला झोंबलेला. आपण काहीतरी शोधलं, आपलं आपण. अशा आणखी किती गोष्टी असतील, ज्या गुरुजींनाही ठाऊक नाहीत? आणि त्या दिवाळीपर्यंत कशा उरकतील?

ती चुलीपासून उठली. खव्याचे हात परकराला पुसले आणि आईबापाच्या मधोमध येऊन उभी राहिली, वर्गात उभी राहिली होती तशी, पण या वेळी कुणी डिवचलं नव्हतं.

"आबा, माय, ऐका. म्या ठरवलंय. म्या भूमला जाणार, आन् दिवाळीला येईन ती फराळाला, ऱ्हायला न्हाय. मॅट्रिक होईस्तोवर शिकणार आन् शास्त्र घेणार. पैज अर्धी का पुरी, ते तुमचं तुमी बघा; हे म्या पैजेवर न्हाय ठरवलं, माझं माझं ठरवलंय. शेण काढायला सुट्टीत येईन, उलथनं धरायलाबी येईन, पर शाळा अर्धी सोडणार न्हाय. आता मावशीला निरोप तुमी धाडता, का परवाच्या एस्टीनं म्याच जाऊन सांगू?"